बारवी नाव कुणाचं

आईला कुणी पंख्याखाली बसवतं, कुणी पहिल्या रांगेत बसवतं. माझ्या नरेंद्रनं मला खांबाआड बसवलं. पणतीचं नामकरण, बदलापुरातल्या सोसायटीचा लग्नाला पुरेल एवढा हॉल, खुर्च्यांच्या पाठींना गुलाबी फिती, आणि जिच्या पदराला धरून हे सगळं खटलं वर आलं ती म्हातारी खांबाआड. "आई, तिकडे एसीचा झोत थेट येतो, तुझे गुडघे धरतील," म्हणाला. गुडघे माझे, काळजी त्याची. मी बसले. पण पोराला मी काही आजच ओळखत नाही. खोटं बोलायचं असलं की नरेंद्र माझ्या डोळ्यांत बघत नाही, कपाळावर बघतो. शाळा बुडवून पोहायला जायचा तेव्हाही कपाळावरच बघायचा. आता स्वतः आजोबा झाला, विहारात बोलायला उभा राहिला की बाया आपापली पोरं गप्प करतात, इतका मान देऊन ऐकतात लोक. सवय मात्र तीच.

खांबामुळं मला समोरचं अर्धंच दिसत होतं. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि मेणबत्त्या, एवढं माझ्या वाट्याचं. उरलेलं अर्धं खांबानं गिळलं होतं. तिकडं काहीतरी पडद्यानं झाकलेलं आहे, एवढंच पडद्याच्या टोकावरून कळत होतं.

शालन पाण्याचा पेला घेऊन आली. माझी सून. बाई कष्टाळू, पण नवऱ्याच्या आणि मुलाच्या मधे उभी राहिली की तिला स्वतःचं तोंड असतं हे ती विसरते.

"तिकडं काय झाकलंय ग?"

"काही नाही आई. पोरांची हौस. नेम रिव्हील करतात आता."

"म्हणजे काय?"

"नाव झाकून ठेवायचं, मग सगळ्यांसमोर उघडायचं."

"नाव काय जेवणाचं ताट आहे, माश्या बसतील म्हणून झाकायला?"

ती हसली, पण हसू ओठांच्या वर काही गेलं नाही. "नाव काय ठरलं, ते तरी सांग," म्हटलं, तर म्हणाली, "मला नाही सांगितलं त्यांनी," आणि पेला माझ्या हातात पुरता येण्याआधीच वळली. अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर. सासू-सून म्हणून इतकी वर्षं काढली, एवढी घाई तिनं कधी केली नव्हती.

भावना उशिरा आली. माझी नात, आकाशची थोरली बहीण. आमच्या गावातल्या कॅम्प तीन वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे, तिथून सुट्टी मिळवून घरी अंबरनाथला जायचं, साडी नेसायची आणि मग बदलापूर. जावई रिक्षा लावायला जागा शोधत होता. सोसायटीच्या वॉचमननं त्याला दोनदा गेटाबाहेर काढलं, हे नंतर कळलं. वॉचमनला वाटलं भाडं घेऊन आलाय.

"आजी! तू इथं काय करतेस? खांबाला टेकू देतेस?"

"तुझ्या बापाला विचार."

ती माझ्या शेजारी बसली आणि पिशवीतून झबलं काढलं. आत्याचा मान असतो, झबलं-टोपडं आत्यानं आणायचं, नाव आत्यानं कानात सांगायचं. झबलं जीन्सचं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं केलेलं, आतून मलमलचं अस्तर.

"जीन्सचं झबलं? पोरगी कॉलेजला चाललीय का?"

"फॅशन आहे आजी. हात लावून बघ."

मी हात लावला. खोटं कशाला बोलू, माझ्या गालाला लावावंसं वाटलं. मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी आली. "आजी, काल मॅडमचा फोन आला. आमचा नंबर अगदी जवळ आलाय. दिवाळीच्या आत पोरगी येईल म्हणाल्या."

मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. भावनाचं काय काय झालं ते मी पुन्हा उगाळणार नाही. तीनदा भरलेली ओटी रिकामी झाली, एवढं पुरे. त्यानंतर तिनं आणि जावयानं दत्तक मूल घ्यायचं ठरवलं. घराची पाहणी झाली, सरकारी बाई येऊन संडास-बाथरूमसुद्धा बघून गेली, आणि मग नुसती वाट बघणं. मागच्या भाऊबीजेला आमच्या कॅम्प चारच्या घरात सगळे जेवायला बसलेले असताना तिनं मला विचारलं होतं, "आजी, पोरगी आली की तिला तुझ्या बारवीचं नाव ठेवू?"

बारवी म्हणजे माझी पहिली. बारवी धरणाचं काम चालू होतं, तेव्हा मी आणि माझे मालक तिथं मजुरीला होतो, तिथली. चार वर्षांची होऊन गोवरानं गेली, तेव्हा नरेंद्र पोटात होता. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक, आणि एवढं पुरत होतं. भावनानं विचारलं तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "ठेव. नाव तुझं. मी दिलं." नरेंद्र तिथं होता, शालन वाढत होती, आकाश ताटात चकली मोडत होता. प्रीती तेव्हा माहेरी होती, तिला दिवस गेलेले. एवढ्या जणांच्या कानावर पडलेली गोष्ट.

"हे तर रिक्षाच्या मागं नाव लिहायला निघालेत," भावना म्हणाली. "मीच थांबवलंय. म्हटलं, आधी पोरगी येऊ दे, मग रंगवा."

"लिहू दे की. रिक्षाला काय दृष्ट लागतेय?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी त्या पोरीला तोंडभर हसताना बघितलं. मग आकाशनं माईकवरून हाक मारली, "आत्याबाई, चला!" आणि ती पदर खोचून पुढं गेली. खांबाच्या पलीकडं, मला न दिसणाऱ्या अर्ध्यात.

पुढचं भावनानं मला जसं सांगितलं तसं सांगते.

त्रिशरण-पंचशील झालं होतं. बौद्धाचार्यांनी बाळावर फुलं टाकली होती. आकाशनं तिच्या हातात रिबीन दिली आणि म्हणाला, "ताई, हळूच नको, झटक्यात ओढ, व्हिडिओ चालू आहे." तिनं ओढली. पडदा पडला. मागं दिव्यांची अक्षरं पेटली.

बारवी.

"मला आधी काय वाटलं सांगू आजी?" ती म्हणाली. "मला वाटलं, हे माझ्यासाठी केलंय. फोनचं ह्यांना कळलं असेल, आणि आधी माझ्या पोरीचं नाव दाखवून मला सरप्राईज देतायत, मग बाळाचं नाव दाखवतील. मी हसले पण. व्हिडिओत दिसेल बघ, मी हसतेय."

मग आकाश बोलायला लागला. ते मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं, खांब कानाआड येत नाही.

"तर आमच्या प्रिन्सेसचं नाव आहे बारवी! हे अतिशय दुर्मीळ नाव आहे. मूळ संस्कृत. अर्थ आहे पवित्र जलधारा. नावांच्या वेबसाईटवर रेअर कॅटेगरीत येतं. म्हणजे अख्ख्या भारतात शोधलं तरी दुसरी बारवी तुम्हाला सापडणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतला एकजण मोठ्यानं म्हणाला, "अरे, बारवी म्हणजे आपला डॅम ना? पावसात भजी खायला जातो तो?"

हशा पिकला. आकाश गडबडला. "काका, डॅमला नंतर दिलं ते नाव. ओरिजिनल शब्द वैदिक आहे."

मूर्तीपुढं बसलेल्या बौद्धाचार्यांना जो खोकला लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. त्या खोकल्यानंच मला पहिली लाज आणली. आमच्या घरच्या कार्यात, त्या फोटोपुढं, माझ्या पोरीच्या नावाला माझा नातू वेदातला दाखला लावत होता. तिला दाखला कसला लागत होता?

मी उठले. गुडघे धरायचे ते धरू देत. खांबाच्या बाजूनं डोकं काढलं तेव्हा भावना पाळण्यावर वाकलेली होती. तिचं तोंड बाळाच्या कानाशी. सगळे 'कुर्रर्र' म्हणत होते. ती बराच वेळ वाकलेली राहिली, मग सरळ झाली, आणि झबलं पाळण्याच्या कडेला ठेवून आत निघून गेली. टाळ्या झाल्या, केक कापला गेला. नरेंद्र व्याह्यांना मिठी मारत होता. माझ्याकडं त्याची पाठ होती.

हॉलच्या मागं स्वयंपाकाची खोली होती, केटररची भांडी ठेवायला. तिथं आधी जे झालं ते शालनकडून कळलं. तिला सांगताना मधेमधे थांबावं लागत होतं, कारण त्यात तिचाही हिस्सा होता.

भावना बेसिनपाशी हात धूत होती. हात स्वच्छ झाले तरी धूतच होती. शालन वाट्या मांडत होती, मांडलेल्या वाट्या पुन्हा मांडत होती. तेवढ्यात प्रीती बाळाला पाजायला आत आली, मागोमाग तिची आई, द्रौपदीबाई. बाई अंगानं थोराड, गळ्यात ठसठशीत सोनं, आणि त्या दिवशी आनंदानं आणखी फुगलेली.

"काय नाव शोधलंय जावईबापूंनी!" द्रौपदीबाई म्हणाल्या. "आमच्या अख्ख्या नात्यात नाही. माझी भावजय तर जळून कोळसा झाली. तिच्या नातीचं नाव काय, तर आराध्या. एका वर्गात चार."

प्रीतीनं विचारलं, "ताई, आवडलं ना तुम्हाला? आकाश म्हणाला, ताईला विचारूनच फायनल केलंय."

भावनानं नळ बंद केला. "मला कुणी विचारलं नाही."

"अगं, विचारायचं काय त्यात?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "आईबापांनी ठेवलं, आत्यानं कानात सांगितलं. मान तर दिला ना आत्याचा?"

प्रीतीनं आईकडं लक्ष दिलं नाही. ती पोर गरीब आहे, पण खुळी नाही. तिनं शालनकडं बघितलं. "मम्मी, ताई काय म्हणतायत?"

शालन म्हणते, त्या क्षणी तिला वाटलं की गप्प बसलं तर संध्याकाळ सरेल, लोक जेवून जातील, आणि उद्याचं उद्या बघू. तसंच तिनं आजवर केलं होतं. पण भावनाचे ओले हात तसेच लोंबत होते, पुसायला टॉवेल शोधायचंही भान नव्हतं, आणि ते हात बघून हिच्या तोंडून निघालं, "नाव भावनाचं आहे. तिच्या येणाऱ्या मुलीसाठी आईंनी भाऊबीजेला दिलं. मी वाढत होते तेव्हा. आकाशला माहीत होतं. मला पण माहीत होतं. काल बोर्ड आला तेव्हा मी वाचला, आणि झाकला."

असं म्हणून शालन रडली नाही. पदरानं भावनाचे हात पुसले.

प्रीतीनं एका हातानं बाळ धरलं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. आकाशनं तिला ते नावांचं पान दाखवलं होतं, तेव्हा तिनं फक्त नाव आणि अर्थ वाचला होता. आता खालपर्यंत गेली. त्या पानावर म्हणे कुणीही नाव टाकू शकतं, अर्थही आपणच लिहायचा.

"काय लिहिलंय?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"नाव सुचवणारा, आकाश, बदलापूर. लोकप्रियता, एक लाईक."

"तो एक कोण?"

"त्याचाच असणार, आई. दुसरा कोण येतोय?"

मी दारात पोचले तेव्हा हे चाललं होतं. मी आत जाऊन एका उपड्या पातेल्यावर बसले आणि शालनला म्हटलं, "माझ्या दोन्ही वाघांना बोलव. आणि दार लोटून घे."

आकाश आला तो चिडूनच, मागोमाग नरेंद्र. "आजी, प्लीज, सीन नको करू. बाहेर माझा पूर्ण स्टाफ आहे, बॉस आहेत."

"बॉसला दालपकवान वाढलंय ना? मग तो कुठं जात नाही. तू बस."

"काय झालं पण?"

"तुझ्या बहिणीला विचार काय झालं."

त्यानं भावनाकडं बघितलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "ताई, ऐक ना. मी तुला सांगणारच होतो. मला ते नाव खरंच आवडलं होतं यार. लहानपणी आजी झोपवताना तिच्याच गोष्टी सांगायची ना, धरणावरच्या. मला वाटलं, तुझं कधी होणार, काय माहीत. चार वर्षं झाली फाईलला. नाव नुसतं पडून होतं."

"नाव पडून होतं," भावना म्हणाली. तिनं ते विचारलं नाही, नुसतं परत म्हटलं.

"तुला दुसरं मिळेल ना. मी शोधून देतो, चांगलं, एकदम युनिक."

"दिवाळीच्या आत येतेय माझी पोरगी. काल फोन आला."

आकाशचं तोंड उघडं राहिलं. वाईट नाही तो पोरगा, एवढं त्याच्या तोंडावर दिसलं. पण वाईट नसलेल्या माणसांनी केलेलं नुकसान काय कमी भरतं?

मी विचारलं, "आवडलं म्हणतोस, मग संस्कृत कशाला झालं ते? झोपताना मी तुला संस्कृत सांगत होते का?"

"आजी, लोकांसमोर काय सांगू मी? की माझी आजी घमेलं वाहायची, म्हणून पोरीचं नाव बारवी?"

"सांगायचं की. त्या घमेल्याचं पाणी आपल्या कॅम्पात येतं, अंबरनाथला येतं. तुझा जन्म त्याच पाण्यावर गेला. तेव्हा तुला अर्थ लागला नाही?"

प्रीती म्हणाली, "माझ्याशी का खोटं बोललास? मी ताईंना हसत हसत विचारलं, आवडलं का म्हणून. माझी काय शोभा झाली?"

"मी एकट्यानं नाही ठरवलं," आकाश म्हणाला. "मी सोडून देणार होतो. पप्पांनीच सांगितलं, हेच ठेव."

खोलीत सगळे नरेंद्रकडं वळले. तो भिंतीला टेकून उभा होता, जसं काही हे दुसऱ्याच्या घरचं भांडण आहे आणि तो सोडवायला आलाय. मी वाट बघितली. मनात म्हटलं, नाही म्हण. खोटं बोल. आज मी खोटंसुद्धा चालवून घेईन.

"आई, मी वाईट हेतूनं नाही बोललो," तो म्हणाला, माझ्या कपाळावर बघत. "तू शांतपणे ऐक. बारवी माझी बहीण. मी तिला बघितलं नाही, पण माझ्या रक्ताची ती. तुझी पहिली. तिचं नाव आपल्या रक्ताला लागावं, एवढंच मला वाटलं. भावनाची मुलगी येईल, तिला आपण काही कमी करणार नाही. कपडे, शाळा, सगळं. पण ती कुठली, कुणाची, कोणत्या घरातली, आपल्याला काय माहीत? तिला दुसरं कुठलंही नाव चालेल. तिला काय फरक पडतो?"

भावना म्हणाली, "पप्पा." एवढंच.

तिच्या आवाजानं मी दाराकडं बघितलं. दार पुरतं लोटलेलं नव्हतं. फटीत जावई उभा होता. हातात बायकोसाठी वाढून आणलेली प्लेट. त्यानं सगळं ऐकलं होतं. कुणाच्या तोंडाकडं न बघता तो आत आला, प्लेट ओट्यावर ठेवली, भावनाला म्हणाला, "तू जेवून घे, मी रिक्षापाशी आहे," आणि गेला. आवाज चढवला नाही, पाय आपटला नाही. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं. माणूस आमच्या घरचा जावई, आणि आम्ही त्याच्या न आलेल्या लेकराची जात-कुळी भांड्यांच्या खोलीत उभे राहून काढत होतो. पदरात तोंड लपवावं, असं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं.

द्रौपदीबाईंना राहवेना. "जाऊ द्या आता. झालं ते झालं. आत्यानं कानात सांगितलं, नाव पडलं. पडलेलं नाव काही उचलता येत नाही."

"मी सांगितलं नाही," भावना म्हणाली.

"काय?"

"मी वाकले. तोंड उघडलं. पण नाव बाहेरच येईना. नुसता श्वास जात होता तिच्या कानात. तिनं मान हलवली, तिला गुदगुल्या झाल्या असतील. तुम्ही सगळे ओरडत होता, कुणाला कळलं नाही."

एवढा बोर्ड, एवढे दिवे, व्हिडिओवाले दोन, आणि आत्या बोलली की नाही हे कुणीच बघितलं नव्हतं. आमच्या मायबापांच्या वेळेस आत्या अडून बसायची, आधी मला लुगडं, मग नाव, आणि सगळं घर तिच्या तोंडाकडं बघायचं. इथं तोंडाकडं कोण बघतंय, सगळे भिंतीकडं बघत होते.

"म्हणजे नाव पडलेलंच नाही," प्रीती म्हणाली. तिनं बाळ भावनापुढं धरलं. "ताई, तुम्ही ठेवा. आत्ता. तुमच्या मनातलं दुसरं कुठलंही. मी काही म्हणणार नाही."

भावनानं बाळाला घेतलं. छातीशी धरलं, वास घेतला. मग परत दिलं. "आज नको ग. आज माझ्या तोंडात गोड काही नाही. तिला पहिलं नाव कडू तोंडानं नको."

प्रीती बाळ घेऊन हॉलमध्ये गेली. द्रौपदीबाई मागं धावल्या, "अगं, लोक काय म्हणतील! अजून निम्मी पंगत बाकी आहे!" आकाशही गेला. दार उघडं राहिलं, म्हणून मला दिसलं. प्रीतीनं बाळ आकाशच्या हातात दिलं, बोर्डाच्या मागं वाकली आणि वायर ओढली. दिवे गेले. लोक जेवता जेवता मान वर करून बघत होते. आकाश पोरीला घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचा बॉस त्याला काहीतरी विचारत होता.

शालन भावनाला घेऊन जावयाकडं गेली. ओट्यावरची प्लेट तिनं बरोबर नेली. नवऱ्याला न विचारता ती कुठं गेल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

उरलो मी आणि नरेंद्र.

"आई, तू पण मला चुकीचं समजतेस," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठीच केलं. तुझी लेक होती ती."

"होती. ठमा नावाच्या बाईला झालेली."

त्याला कळलं नाही.

"माझ्याबरोबर घमेली उचलायची. पोट पुढं आलेलं, तरी उचलायची, नवरा सोडून गेलेला. कुठल्या जातीची, मी विचारलं नाही. तिनं माझी विचारली होती. पहिल्या दिवशी माझ्या तांब्यातलं पाणी प्यायली नाही. दुपारच्या सुट्टीत तिला कळा लागल्या तेव्हा जवळ मीच होते. पोर झाली, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. जाताना तिनं माझ्याच हातचं पाणी मागितलं, आणि पोर माझ्याच हातात दिली. मुकादम म्हणाला, आश्रमात टाकून या. तुझा बाप म्हणाला, कशाला, आपल्याकडं शेळी आहे. आमच्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं. शेळीच्या दुधावर वाढली ती. नाव काय ठेवायचं, तर ना बाप ठाऊक, ना गाव. तुझा बाप म्हणाला, बारवी नदीच्या काठी मिळाली, नदीचंच ठेव. आत्या कुठून आणणार? मीच आई, मीच आत्या. मीच वाकून कानात सांगितलं. हे आहे त्या नावाचं मूळ. आणि अर्थ विचारशील, तर जिला कुणी नव्हतं तिला आम्ही होतो, हा अर्थ."

नरेंद्र एकदम म्हातारा दिसायला लागला. "तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला होतं काय त्यात? माझी होती. माझी होती, हे तर जन्मभर सांगत आले. भावनानं नाव मागितलं, तेव्हा मला वाटलं, पोरीला न सांगता कळलं. म्हणून दिलं."

"आई, मला माहीत असतं तर…"

"माहीत असतं तर दिलं असतंस? म्हणजे ती माझ्या रक्ताची नाही कळलं की तिचं नाव स्वस्त झालं, असंच ना?"

तो दाराकडं बघायला लागला. बाहेर पोरं फुगे फोडत होती. मी पातेल्यावरून उठले. त्यानं हात पुढं केला, मी घेतला नाही, ओट्याला धरून उठले.

"ऐक," मी म्हटलं. "नाव भावनाच्या दारात जाणार. ते तू द्यायचं नाहीस आणि तू अडवायचं नाहीस. आत्ता खाली जा, गेटाबाहेर जावई उभा आहे, त्याच्यापुढं उभा राहा, आणि तो बोलेल ते ऐक. तो काही बोलला नाही, तरी उभा राहा. आणि एक सांगते नरेंद्र, दुसऱ्यांदा सांगणार नाही. बारवी माझ्या पोटची नव्हती, तिची मला एक दिवस लाज वाटली नाही. तू माझ्या पोटचा आहेस, आणि तुझी आई म्हणवून घ्यायची आज मला लाज वाटते."